गाडी चालते, पण चालवता येते का?

वडिलांची स्कूटर तीन वर्षं पोर्चमध्ये झाकून ठेवली होती. एका रविवारी कव्हर काढलं, प्लग घासला, लिटरभर पेट्रोल ओतलं, चोक ओढला आणि चौथ्या किकला ती सुरू झाली. इतका आनंद झाला की तशीच बाहेर काढली. नाक्यावर हवालदारांनी हात केला.

"गाडी कुणाच्या नावावर?"

"वडिलांच्या."

"कुठं असतात ते?"

"वारले. पाच वर्षं झाली."

त्यांनी आरसी उलटसुलट करून पाहिली, मोबाइलमध्ये नंबर टाकला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मालक हयात नाहीत, नोंदणीची मुदत संपलेली, विमा नाही, पीयूसी नाही. मग ही गाडी चालते कशी हो?"

"आत्ताच प्लग साफ केला," मी म्हणालो.

त्यांना तसं विचारायचं नव्हतं.

घोळ शब्दातच आहे. गाडी फिरते तेव्हा आपण "चालते" म्हणतो, आणि एखादी गोष्ट मान्य असली तरी "चालतं" म्हणतो. माझी स्कूटर पहिल्या अर्थानं चालत होती, दुसऱ्या अर्थानं ती केव्हाच बंद पडली होती. मॅकेनिक पहिल्या अर्थाचा माणूस, आरटीओ दुसऱ्या अर्थाचा. आपण बहुतेक जण आयुष्यभर पहिल्याकडेच जातो आणि दुसरा आठवतो तो पावती फाटल्यावर.

कायदेशीर चालणं हा मायलेजसारखा गाडीचा अंगचा गुण नाही. तीच गाडी सकाळी कायदेशीर आणि संध्याकाळी बेकायदेशीर असू शकते. मधे फक्त चालवणारा बदललेला असतो, नाहीतर मागं बसलेल्याकडून भाडं घेतलेलं असतं, नाहीतर रात्री बारा वाजता विमा संपलेला असतो. ती काय म्हणून नोंदली आहे, कुणाच्या नावावर आहे, कोण चालवतंय, कशासाठी आणि कुठं, या सगळ्यांचं आजच्या तारखेचं उत्तर म्हणजे तिची कायदेशीर अवस्था.

रस्त्यावर येण्याआधी

आपण शोरूममध्ये गाडी बघतो त्याच्या बऱ्याच आधी तिची पहिली परीक्षा झालेली असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमानुसार प्रत्येक नव्या मॉडेलचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडे तपासावा लागतो. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, आरसे, सगळं. यातल्या तीन संस्था आपल्याकडेच आहेत: पुण्याच्या टेकडीवरची, १९६६ साली सुरू झालेली एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. शेतीच्या ट्रॅक्टरची चाचणी मात्र मध्य प्रदेशातल्या बुधनीला होते.

नमुना पास झाला की कारखान्यातून निघणारी प्रत्येक गाडी त्या नमुन्यासारखीच असावी लागते. इथंच सायलेन्सर बदलणाऱ्या पोरांचं गणित चुकतं. "गाडी माझी, पैसे माझे" हे खरं असलं तरी मान्यता मिळाली होती ती मूळ नमुन्याला. मोटार वाहन कायदा, १९८८च्या ५२व्या कलमानुसार आरसीवरच्या तपशिलांशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उत्पादकाच्या मूळ रचनेला सोडून केलेले बदल चालणार नाहीत असं सांगितलं. शिक्षा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. सीएनजी किट बसवता येतं, पण मान्यता असलेलं किट, अधिकृत ठिकाणी आणि आरसीवर इंधनाची नोंद बदलून. गल्लीतल्या गॅरेजमधलं किट गाडीला पळवतं, तिच्या कागदाला नाही.

शून्य किलोमीटर चाललेली गाडीही रस्त्यावर आणता न येण्याची पाळी येऊ शकते. ३१ मार्च २०२०नंतर बीएस-४ (धुराच्या जुन्या निकषाच्या) गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आधीच होता. त्याच आठवड्यात लॉकडाउन लागला. शोरूममध्ये प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या गाड्या उभ्या, आणि कायद्याच्या लेखी त्या कालबाह्य.

पासिंग म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे "पासिंग" हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरतात आणि त्यातूनही गोंधळ होतो. "एमएच बाराचं पासिंग आहे" म्हणतो तेव्हा नोंदणी अभिप्रेत असते. "टेम्पो पासिंगला नेलाय" म्हणतो तेव्हा फिटनेस, म्हणजे योग्यता प्रमाणपत्र.

नोंदणी सगळ्यांना लागते. ३९वं कलम इथं वाचण्यासारखं आहे, कारण त्यात नुसतं "सार्वजनिक ठिकाणी" असं नाही, "किंवा इतर कोणत्याही ठिकाणी" असंही आहे. विमा आणि लायसन यांची सक्ती सांगणारी कलमं फक्त सार्वजनिक जागेबद्दल बोलतात. त्यामुळं "आमच्या आमच्या फार्महाउसवरच फिरवतो की" हा युक्तिवाद विम्याच्या बाबतीत थोडाफार तग धरतो, नोंदणीच्या बाबतीत नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. मुदत संपली की गाडी भंगारात द्यावीच लागते हा समज व्हॉट्सअपनं घरोघर पोचवला आहे. वयावरून सरसकट गाडी रस्त्याबाहेर काढण्याचे आदेश आले ते दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशासाठी. महाराष्ट्रात खासगी गाडी तपासून घेऊन, फी आणि पर्यावरण कर भरून, पुढं पाच पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेता येते. सरकारी गाड्यांचं वेगळं. १५ वर्षं ओलांडलेल्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३पासून वाढवली जात नाही.

भाड्यानं माल किंवा माणसं वाहणाऱ्या गाडीला वर फिटनेसही लागतं. नव्या गाडीला दोन वर्षांचं, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, वायपर, हॉर्न, मागचा लाल आणि पुढचा पांढरा रिफ्लेक्टर टेप, ट्रकच्या मागं खाली लावलेला अडसर, वेग नियंत्रक, अशी बरीच तपासणी असते. ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक हवा, या मुद्द्यावरून मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या आरटीओंचे कान उपटले होते. पुण्यातले टेम्पो-ट्रकवाले सकाळी सकाळी दिवे घाटाजवळच्या ट्रॅकवर गाड्या घेऊन जातात ते यासाठीच. आणि रांगेत उभं राहून एकमेकांचा रिफ्लेक्टर टेप कापून घेतात, हेही मी पाहिलं आहे.

फिटनेस संपलं तर काय बिघडतं? ५६व्या कलमात एक बारीक वाक्य आहे: वैध फिटनेस नसलेल्या व्यावसायिक वाहनाची नोंदणी वैध आहे असं मानलं जाणार नाही. म्हणजे एक कागद पडला की तो दुसऱ्याला घेऊन पडतो. आरसी हातात असते, तिच्यावर पुढची तारीखही असते, पण कायद्याच्या नजरेत गाडी बिननोंदणीची.

विम्याची गोष्ट

एक गाडी विकत घेतली गेली. तात्पुरता नंबर होता, त्याची मुदत जुलै २०११मध्ये संपली आणि पक्की नोंदणी झाली नव्हती. मालक ती घेऊन जोधपूरला गेला, रात्री गेस्ट हाउसबाहेर उभी केली, सकाळी गाडी गायब. विमा चालू होता. चोरीचा आणि नोंदणीचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. चोर काही आरसी बघून गाडी उचलत नाही. पण २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं विमा कंपनीच्या बाजूनं निकाल दिला: नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर वापरणं हाच पॉलिसीच्या मूळ अटीचा भंग.

हे कठोर आहे, पण तिथं मालकाचं स्वतःचं नुकसान होतं. तिसऱ्या माणसाचं, म्हणजे ज्याला आपल्या गाडीनं धडक दिली त्याचं नुकसान असेल, तर न्यायालयं वेगळा रस्ता धरतात. लायसन नव्हतं, परमिट नव्हतं, तरी अनेकदा विमा कंपनीनं आधी जखमीला भरपाई द्यायची आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करायची, असा आदेश होतो. रस्त्यावर पडलेल्याला मालकाच्या कागदांशी देणंघेणं नाही. मालकाला मात्र ती रक्कम शेतजमीन विकून भरावी लागू शकते. म्हणून विमा न काढल्याचा पहिल्या वेळचा २,००० आणि दुसऱ्या वेळचा ४,००० रुपये दंड ही यातली अगदी किरकोळ रक्कम म्हणायची.

जुनी गाडी विकली आणि "सही केलेले फॉर्म दिलेत, तो करून घेईल नावावर" म्हणून विसरून गेलात, तर हेच भूत तुमच्या मानगुटीवर. २०१८च्या एका निकालात गाडी एकापाठोपाठ एक अनेक हात बदलून गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्या मालकाचंच. अपघाताची जबाबदारी त्याच्यावर आली. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. घेणारा कळवो न कळवो, आपण कळवावं आणि पोच जपून ठेवावी.

ही गाडी आहे तरी का?

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कायदा मुळात "मोटार वाहन" कशाला म्हणतो?

स्वतःच्या शक्तीवर चालणारं आणि रस्त्यावर वापरण्याजोगं यंत्र म्हणजे मोटार वाहन. रुळांवर चालणारं नाही. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास वाहन नाही. आणि चारपेक्षा कमी चाकांचं, २५ सीसीपर्यंत इंजिन असलेलंही नाही.

विजेच्या दुचाकीसाठी नियमांत वेगळी मोजपट्टी आहे: मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. या तिन्हींत बसली तरच ती सायकलच्या पंक्तीला. नंबर नको, लायसन नको. आता खरी गंमत बघा. दुकानदार "बिनलायसनची" म्हणून विकतो, पोरगं घरी आणतं, आणि दुसऱ्या दिवशी तोच दुकानदार एक वायर काढून देतो. गाडी ताशी ४५ला पळू लागते. ती वायर निघाल्या क्षणी ती सायकल राहत नाही. ती बिननोंदणीची, बिनविम्याची मोटार होते, आणि चालवणारा सोळा वर्षांचा असेल तर प्रकरण पालकांपर्यंत जातं: २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, असं २०१९च्या दुरुस्तीनं आलेलं १९९अ कलम सांगतं. स्कूटर तीच, रंग तोच, एक वायर सोडली तर काही बदललेलं नाही.

जेसीबीकडे या. गावाकडं लग्नात नवरदेव त्याच्या बकेटमध्ये बसतो ते सोडा, पण जेसीबी ही गाडी की यंत्र? नियमांत "बांधकाम उपकरण वाहन" असा स्वतंत्र वर्ग आहे. रबरी चाकांचं, मूळ काम रस्त्याबाहेरचं, पण एका साइटवरून दुसरीकडे जाताना थोडा वेळ, ताशी ५०च्या आतल्या वेगानं रस्त्यावरून जाणारं. असं वाहन व्यावसायिक परिवहनात मोडत नाही, तरी नोंदणी, विमा आणि योग्य वर्गाचं लायसन लागतंच. रात्री हायवेवरून मागचे दिवे नसलेला जेसीबी जातो तेव्हा तो "यंत्र" म्हणून नाही, वाहन म्हणूनच चुकत असतो.

साखळीपट्ट्यांवर चालणारं पोकलेन वेगळं. ते स्वतःहून रस्त्यानं जाण्यासाठी बनवलेलंच नाही. रस्ताही सोलून निघेल. म्हणून ते ट्रेलरवर बसून येतं, आणि रस्त्यापुरता कायदा ट्रेलरला लागतो, वर बसलेल्याला नाही. विहिरीच्या कामाला आलेले जेसीबी आणि पोकलेन शेजारीशेजारी एकच माती उपसत असतात, पण बांधापलीकडच्या डांबरी रस्त्यावर चाक टेकलं की एक वाहन आहे आणि दुसरं फक्त सामान.

ट्रॅक्टरचा गुंता त्याहून मोठा, आणि आमच्या भागात ऊस सुरू झाला की तो रोज डोळ्यांसमोर असतो. ट्रॅक्टर म्हणजे कायद्यानं स्वतः ओझं न वाहणारं, फक्त ओढणारं वाहन. ट्रॉली हे वेगळं वाहन, तिची नोंदणी वेगळी. स्वतःच्या शेतातला माल नेता तोवर ट्रॅक्टर शेतीचा. त्याच ट्रॉलीत भाड्यानं विटा किंवा मुरूम भरला की वापर व्यावसायिक झाला, आणि कर, फिटनेस, विमा, सगळ्याचं पान उलटलं. आरसीवर सीट एक: चालकाची. मडगार्डवर बसलेला भाऊ आणि ट्रॉलीतल्या उसावर बसलेले मजूर बहुतेक पॉलिसींच्या हिशेबात नसतातच. अपघातानंतर हे कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. चालकाला आपण विचारतो, "लाइट आहे का? ब्रेक लागतात का?" ट्रॉली कुणाच्या नावावर आहे, हे मी तरी आजवर कुणाला विचारताना ऐकलेलं नाही.

काही यंत्रांना दोन दोन कायद्यांचं सोयर असतं. एमआयडीसीत हायड्रा क्रेन फिरताना दिसतात. चाकांपुरती ती आरटीओची. पण कारखान्यात तिनं वजन उचललं की कारखान्यांच्या सुरक्षेचा कायदा लागू: उचलण्याच्या यंत्रणेची सक्षम व्यक्तीकडून ठरावीक मुदतीत तपासणी आणि किती वजन सुरक्षितपणे उचलता येतं याची यंत्रावर ठळक नोंद. नंबरप्लेट झकास, विमा चालू, पण हुकाचा दाखला जुना. तर ती क्रेन गेटपर्यंत कायदेशीर आणि गेटच्या आत बेकायदेशीर. रिक्षाचंही तसंच. रिक्षा आरटीओची, तिच्यातला मीटर वैधमापन शास्त्राच्या खात्याचा. त्याची वर्षाला पडताळणी. भाडेवाढ झाली की मीटर कॅलिब्रेशनच्या रांगा लागतात त्या यामुळं.

कोण आणि कशासाठी

लायसनबद्दल एकच सांगतो, कारण त्यावर वर्षानुवर्षं गोंधळ होता. साधं हलक्या वाहनाचं लायसन असलेल्यानं छोटा टेम्पो किंवा टॅक्सी चालवली तर चालतं का? नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं यावर पडदा टाकला: एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेलं परिवहन वाहन त्याच लायसनवर चालवता येतं. त्याच्यावरचं वाहन असेल तर वेगळी परवानगी हवी.

वापराचं सगळ्यात सोपं दर्शन नंबरप्लेटवर होतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं खासगी, पिवळ्यावर काळी व्यावसायिक, काळ्यावर पिवळी म्हणजे स्वतः चालवायला भाड्यानं दिलेली. गोव्याला गेल्यावर स्वस्तात मिळते म्हणून कुणाची तरी पांढऱ्या पाटीची स्कूटर घेऊन फिरणारे पुष्कळ भेटतात. ती गाडी गोव्यात पूर्ण कायदेशीर आहे, तिच्या मालकापुरती. तुम्ही दिवसाचे पैसे मोजले की ती खासगी राहिली नाही, आणि अंजुण्याच्या उतारावर घसरलात तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल.

पुन्हा स्कूटर

हवालदारांनी दंड केला आणि गाडी ढकलत घरी न्या म्हणाले. गाडी जमा करता आली असती त्यांना, केली नाही. आरसी मोबाइलवर दाखवली तरी चालते हेही त्यांनीच सांगितलं. डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधले कागद २०१८पासून मूळ कागदांइतकेच ग्राह्य आहेत. माझ्या आरसीचा उपयोग कोणत्याही रूपात नव्हता, ही गोष्ट वेगळी.

मालक वारला तर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कळवलं तर तीन महिने गाडी आपलीच असल्यासारखी वापरता येते आणि तेवढ्यात फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यायची. घरात माणूस गेलेलं असताना हे कुणाच्या डोक्यात येतं? मला पाच वर्षांनी आलं. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, आईचं आणि बहिणीचं प्रतिज्ञापत्र, नवा विमा, सहा महिन्यांचा पीयूसी (एवढ्या जुन्या गाडीला सहाच महिने मिळतात, बीएस-४पासून पुढं वर्षाचा), नूतनीकरणाची फी, उशिराचे महिन्याला ३०० रुपये, पर्यावरण कर, वर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट.

तपासणीच्या दिवशी तिथल्या पोरानं पायदानाखालचा पत्रा चिंधीनं पुसला, गंज थोडा खरवडला, त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासू लागला. एकेक आकडा उमटत गेला. चासी नंबरचा ठसा. वडिलांनी शोरूममधून आणली त्या दिवसापासून तो तिथंच होता, मी कधी पाहिला नव्हता. इन्स्पेक्टर साहेबांनी आरसीशी ताडून पाहिला, शेवटच्या आठच्या जागी तीन वाटत होता, म्हणून परत घासायला लावला.

आता आरसी माझ्या नावावर आहे, पाच वर्षांसाठी. सगळे कागद हिरवे. मागच्या आठवड्यात क्लचची केबल तुटली आणि दुकानदार म्हणतो, या मॉडेलचा माल येत नाही हो आता.